बारा आण्यांचे नाना

नाना गेल्याची तार मला धुळ्याला मिळाली. आमच्या कंपनीचा तिथे जिनिंग-प्रेसिंगचा कारखाना आहे, त्याचे पगारपत्रक तपासायला मी गेलो होतो. रुईच्या गठ्ठ्यांमधून वाट काढत शिपाई आला, तार हातात दिली आणि टोपी काढून उभा राहिला. लोक म्हणतात, अशा वेळी डोळ्यांपुढे अंधारी येते, पायांखालची जमीन सरकते. माझं तसं काही झालं नाही. खरं सांगतो, लाज वाटते पण सांगतो... मला राग आला. पहिला विचार डोक्यात आला तो हा, की अहो, सात आठवडे थांबला असतात तर काय बिघडलं असतं! एरंडोलवरून जाणाऱ्या सर्व्हिस मोटरीत बसलो तेव्हाही मी बोटांवर तेच मोजत होतो. शेजारचा शेतकरी म्हणाला, "काय भाऊ, जप चालू शे का?" मी म्हटलं, "हो, जपच समज."

त्या सात आठवड्यांचा अर्थ आधी सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला मी निर्दय वाटणार नाही. नारायण तोताराम भोळे, म्हणजे आमचे नाना, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, जळगावच्या आमच्या कापडगिरणीत पगारखात्याचे मुख्य कारकून होते. कंपनीने प्रॉव्हिडंट फंड काढला त्याला आता सोळा वर्षं होऊन गेली. पगारातल्या दर रुपयामागे एक आणा माणसाचा कापायचा आणि एक आणा कंपनीने आपल्या पदरचा घालायचा. माणसाचा आणा माणसाचाच. कंपनीचा आणा मात्र सलग पंधरा वर्षं भरली तरच हाती येतो. मरण आलं तरी या अटीत सूट नाही. आणि नाना गेले त्या दिवशी त्यांच्या पंधरा वर्षांना सात आठवडे कमी होते. राहती खोली कंपनीची. ती तीन महिन्यांत सोडायची. पिंप्राळ्याला गावाबाहेर एक तुकडा घेऊन त्यांनी दोन खोल्यांचं जोतं घातलं होतं. त्यावरच्या भिंती त्या कंपनीच्या आण्यांतून उभ्या राहायच्या होत्या. जाण्याच्या आठच दिवस आधी मला घेऊन ते त्या जोत्यावर गेले होते. चपला काढून, घरात शिरावं तसे आत शिरले आणि म्हणाले, "भास्कर, इथे तुझ्या अक्काची चूल. उगवतीकडे खिडकी. आठ आठवडे राहिले बघ." मी म्हटलं, "नाना, तुमची पंधरा वर्षं गेल्याच साली भरायला हवी होती. माझी भरली. तुमच्या हाताखालच्या माणसाची भरली!" त्यावर ते हसले. त्यांचं ते हसणं मला कधी सहन झालं नाही.

मला या गिरणीत लावलं ते नानांनीच. मी मॅट्रिक नापास होऊन सावद्याला केळीच्या बागेत पाट फिरवत होतो. ते आले, माझं अक्षर पाहिलं, म्हणाले, "अक्षर बरं आहे, अक्कल येईल." दुसऱ्याच आठवड्यात मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर. पहिला पगारवार आला आणि मला कळलं की मेहुण्याच्या हाताखाली नोकरी करण्यापेक्षा केळीला पाणी देणं बरं होतं. गिरणीत माणसाला नंबर असतो. पितळी बिल्ल्यावर नंबर कोरलेला, मस्टरवर नंबर, पगाराच्या पाकिटावरही नंबर. खिडकीत माणसाने बिल्ला दाखवायचा, कारकुनाने पाकीट सरकवायचं, अंगठा घ्यायचा, पुढचा. साऱ्या मुलखात असंच चालतं. अर्ध्या दिवसात नऊशे माणसं मोकळी. पण नानांच्या खिडकीत? सकाळच्या भोंग्याला बसलेला माणूस संध्याकाळच्या भोंग्याला उठायचा. का, तर प्रत्येकाने आपलं संपूर्ण नाव मोठ्याने सांगायचं. झिपरू नावाचा विणकर होता, अजून आहे. वीस वर्षं नाना त्याला ओळखत होते, त्याच्या लग्नाला जेवून आले होते. तो बिल्ला पुढे करायचा.

"नंबर नको. नाव सांग."

"नाना, तुमले माहीत शे ना मनं नाव!"

"माले माहीत शे. तू सांग."

मग झिपरू रांगेकडे बघून हसायचा आणि शाळेतल्या पोरासारखा ओरडायचा, "झिपरू दगडू माळी!" मागची माणसं वैतागायची, मी वैतागायचो, मॅनेजरसाहेब वरून निरोप धाडायचे. नाना आपले शांतपणे पाकीट द्यायचे.

यामागे कारण होतं, नव्हतं असं मी म्हणणार नाही. मी यायच्या आधी एकदा एका बिल्ल्यावर एक बाई पगार घ्यायला आली आणि चुकून स्वतःचं नाव बोलून गेली. बिल्ला होता तिच्या मेलेल्या जावेचा. मुकादमाने तो तिला देऊन सव्वा वर्ष राबवलं होतं, अर्धा पगार खिडकीबाहेर स्वतः काढून घेत होता आणि कंपनीच्या दप्तरात ती बाई अस्तित्वातच नव्हती. तिच्या बाळंतपणाची मदत आली असती तर तीही मेलेल्या जावेच्या नावे. नानांनी तो मुकादम घालवला आणि तेव्हापासून हा नावाचा नेम धरला. ठीक आहे. चोर एकदा सापडला. म्हणून काय जन्मभर नऊशे माणसांना दर महिन्याला ओरडायला लावायचं? मी हे त्यांना शंभर वेळा विचारलं. ते म्हणायचे, "नंबर उसना देता येतो, नाव देता येत नाही." आणि पुन्हा मान खाली घालून लिहायला लागायचे. वाद घालावा तर समोरचा वाद घालत नाही, याच्याइतकं चीड आणणारं दुसरं काही नसतं.

मुंबईहून वर्षातून एकदा ऑडिटर यायचे. सुटाबुटातला माणूस, फार हुशार. त्यांच्याशीही नानांचं वाकडंच. वर्ष संपताना कंपनी नफा काढायची, आणि कामगारांना कबूल केलेला बोनस, शिल्लक रजेचा पगार, हे सगळं पुढच्या वर्षी देईल तेव्हा पुढच्या वर्षीच्या वहीत खर्ची टाकायची. नानांचं म्हणणं, माणूस ज्या वर्षी राबला त्याच वर्षीच्या वहीत त्याचं देणं लिहा. ऑडिटर म्हणाले, "अहो भोळे, पैसे अजून दिलेले नाहीत, मग लिहायचे कसे?" नाना म्हणाले, "साहेब, पाहुणा जेवून उठला. वाण्याचं बिल पुढच्या महिन्यात येणार, म्हणून तो जेवलाच नाही असं म्हणता येतं का?" ऑडिटर हसले. त्यांना पटलं असावं. पण त्यांनी तसं लिहिलं नाही, कारण तसं लिहिलं की नफा कमी दिसतो आणि भागीदारांचे चेहरे उतरतात. नाना मात्र दर वर्षी स्वतःच्या हाताने तो देण्याचा तक्ता करायचे, कुणी न मागता, आणि मॅनेजरच्या टेबलावर नेऊन ठेवायचे. दर वर्षी तो टोपलीत जायचा. पुढे लढाई आली, महागाई भत्ता सुरू झाला, भत्त्याचे दर महिन्या-दोन महिन्यांनी बदलायला लागले. स्वस्त धान्याच्या दुकानाची कपात निराळी, भत्ता निराळा, फंडाची कपात मूळ पगारावर की भत्त्यासकट, यावर सगळ्या कचेऱ्यांत गोंधळ. तेव्हा वरून हुकूम आला, "भोळ्यांचे जुने तक्ते शोधा." टोपलीतले तक्ते कुठून सापडणार! नानांनी कपाटातून नकला काढून दिल्या. मी म्हटलं, "नाना, आता तरी दोन शब्द सुनवा त्यांना." तर म्हणे, "कशाला? तक्ता लागला ना कामाला."

आता मूळ गोष्टीकडे येतो. टाळतो आहे खरा, कारण ती आठवली की अजून माझं डोकं तापतं.

फंड सुरू होऊन वर्ष-सव्वा वर्ष झालं असेल. फंडाच्या नियमात एक कलम होतं, आहे. परवानगीवाचून आठ दिवसांवर गैरहजर राहिलं की सभासदत्वात खंड पडतो, पंधरा वर्षं पहिल्यापासून मोजायची. महिन्याच्या शेवटी अशा लोकांची एक यादी करायची, तिला आम्ही खंडाची यादी म्हणतो. त्या महिन्यात झिपरूची आई पारोळ्याकडे गावी आजारी पडली आणि गेली. त्याने मुकादमाकडे निरोप ठेवला होता, मुकादमाने तो पोचवला नाही. झिपरू नऊ दिवसांनी आला. नऊ! एक दिवस जास्त. नानांनी त्याच्यासाठी मॅनेजरच्या खोलीत दोन दिवस उभ्याने वाद घातला. तेव्हाचे मॅनेजर कडक होते. म्हणाले, "नियम म्हणजे नियम. एकाला सोडलं तर उद्या सगळेच आईला मारतील." नाना खाली आले आणि झिपरूचं नाव यादीत लिहिलं. झिपरू म्हणाला, "जाऊ द्या नाना, वरीसच तं गयं." नाना त्या दिवशी डबा न उघडता तसाच घरी घेऊन गेले, हे मला अक्काने सांगितलं.

त्याच सुमारास धुळ्याच्या कारखान्यातला सुक्र्या नावाचा बॉयलरवाला तापाने गेला. त्याच्या फंडात त्याचे स्वतःचे चौदा रुपये जमले होते. वारस म्हणून दप्तरात लिहिलं होतं "बायको", आणि गाव "पिंपळनेर". पत्र पाठवलं, परत आलं. पुन्हा पाठवलं, पुन्हा परत. मग कळलं, की त्या बाजूने डोंगरातून जी माणसं कामाला यायची त्या सगळ्यांचं गाव मुकादमाने "पिंपळनेर" असंच लिहून टाकलं होतं. चाळीस माणसं, सगळी पिंपळनेरची! पाड्यांची नावं विचारायचा कंटाळा, दुसरं काय. वारसाचा अंगठा आणि गावच्या पाटलाची साक्ष असल्याशिवाय पैसे सुटत नाहीत, आणि वर्षअखेर तोंडावर आलेली. वर्ष संपायच्या आत वारस लागला नाही तर ती रक्कम लॅप्स, म्हणजे हक्क बुडालेल्या पैशांच्या, खात्यात जाते. नानांनी जायची परवानगी मागितली. मॅनेजर म्हणाले, "चौदा रुपयांसाठी मुख्य कारकून डोंगरात? बोनसची पत्रकं कोण करणार? रजा नाही." दुसऱ्या दिवशी नाना कामावर आले नाहीत. टेबलावर माझ्यासाठी चिठ्ठी होती : बोनसच्या पत्रकातले कच्चे आकडे डाव्या खणात आहेत, बेरजा दोनदा तपास.

घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते हे. अकरा दिवस हा माणूस भटकला. धुळ्यापर्यंत रेल्वे, साक्रीपर्यंत मोटर, पुढे बैलगाडी, पिंपळनेरपासून पायी. एका पाड्यावर सुक्र्याचा पत्ता विचारायचा, तिथून दुसऱ्या, दुसऱ्याहून तिसऱ्या. भाषा अर्धी कळायची, अर्धी नाही. शेवटी ती बाई सापडली. तिला नवरा गेल्याचंच माहीत नव्हतं... ते नानांनाच सांगावं लागलं. ते मला त्यांनी कधी सांगितलं नाही, पुढे त्या बाजूचा एक माणूस कामाला आला त्याने सांगितलं. नाना तिच्या ओसरीत पूर्ण एक दिवस नुसते बसून राहिले होते म्हणे. अंगठा दुसऱ्या दिवशी घेतला.

परत आले ते अंगाने अर्धे होऊन. पाय फुटलेले. मॅनेजर आधी खूप तापले, पण तोवर माझ्या हातून बोनसची पत्रकं बिनचूक झाली होती (बेरजा दोनदा तपासल्या होत्या!) आणि तेही मनाने वाईट नव्हते. म्हणाले, "झालं ते झालं, भोळे. अकरा दिवस रजा दाखवा आणि विषय संपवा." मी तिथेच उभा होतो. माझा जीव भांड्यात पडला. तर नाना काय विचारतात?

"साहेब, मग झिपरूचेही नऊ दिवस रजा दाखवू का?"

"त्याचा इथे काय संबंध? तो वेगळा."

"यादी एकच आहे साहेब."

मॅनेजर लालबुंद झाले. म्हणाले, "तर मग घाला तुमचं नावही यादीत!" त्यांना वाटलं, हा घाबरेल, मुकाट्याने रजा लिहील. आणि या माणसाने "ठीक आहे" म्हटलं, खाली आला, आणि झिपरूच्या नावाखाली स्वतःचं नाव लिहायला लागला. मी त्यांचा हात धरला. अक्षरशः धरला. म्हटलं, "नाना, साहेब स्वतः सांगताहेत! मागे भरलेलं सव्वा वर्ष तुम्ही फुकट घालवता!" ते म्हणाले, "त्याचं जातं, ते फुकट नाही का?" मी म्हटलं, "तुमचं घालवल्याने त्याचं परत येणार आहे?" त्यांनी हात सोडवून घेतला. आणि नाव पुरं केलं! सुंभ जळतो आणि पीळ राहतो, पण इथे सुंभही आपणच जाळायचा आणि पीळही आपणच दाखवायचा. मी आठ दिवस त्यांच्याशी बोललो नाही. त्यांना ते जाणवलं की नाही, कोण जाणे. त्या आठ दिवसांत त्यांनी धुळ्याच्या त्या चाळीस माणसांना एकेक करून बोलावलं आणि पाड्यांची खरी नावं लिहून घेतली.

पुढची पंधरा वर्षं मी हे विसरलो होतो असं नाही, पण फारसं मनावर घेतलं नव्हतं. माणूस धट्टाकट्टा, तापी पोहून पलीकडे जाणारा. सव्वा वर्ष पुढे तर पुढे. मरणाची अट बदला म्हणून नानांनी स्वतः तीनदा कंपनीला लेखी दिलं होतं. पण ते सगळं दुसऱ्यांसाठी. स्वतःला ती अट कधी लागू पडेल हे त्यांच्या ध्यानीमनी नसावं. एका दुपारी कचेरीत लिहिता लिहिता छातीत कळ आली, लेखणी कलमदानात नीट ठेवली आणि गेले. लेखणी नीट ठेवली! हेही मला शिपायाने सांगितलं.

तेराव्यानंतर त्यांच्या फंडाचं प्रकरण माझ्याच टेबलावर आलं, कारण त्यांच्या जागी आता मीच बसतो. स्वतःचे नऊशे रुपये अक्काला लगेच मिळाले, ते दिवसकार्य आणि जोत्याची उधारी यांतच गेले. उरले कंपनीचे नऊशे. मी आताच्या मॅनेजरसाहेबांकडे गेलो. हे तरुण आहेत, भले आहेत, नानांना "गुरुजी" म्हणायचे. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "भास्करराव, मला काय आनंद होतोय का? पण हे कलम मला भोळ्यांनीच शिकवलं. सात आठवडे कमी आहेत. मी मुंबईला लिहितो." मुंबईहून दोन ओळी आल्या. नियमाला अपवाद करता येत नाही, कुटुंबाबद्दल सहानुभूती आहे.

तेव्हा, कबूल करतो, माझ्या मनात पाप आलं. जुन्या याद्या माझ्याच कपाटात. किल्ली माझ्याच कमरेला. एक ओळ खोडायची, वर "रजा मंजूर" लिहायचं. तेव्हाचे मॅनेजर कधीच विलायतेला गेले, खरं तर त्यांनी तसं तोंडी सांगितलंही होतं, मीच साक्षीदार! खोटंही नव्हतं ते, नाही का? मी ती यादी काढली. नानांचं ते मोत्यासारखं अक्षर. "झिपरू दगडू माळी, दिवस नऊ. नारायण तोताराम भोळे, दिवस अकरा. एकूण इसम दोन, अक्षरी दोन." आणि खाली तांबड्या शाईच्या दोन रेघा. हा माणूस बेरजा अक्षरी लिहायचा, का, तर मागून कुणाला फेरफार करता येऊ नये. मेल्यावरही माझा हात धरून बसला! मी बराच वेळ त्या दोन नावांकडे बघत राहिलो. एक खोडायचं तर दुसऱ्याचं काय, हा प्रश्न मला तेव्हा पडला. पंधरा वर्षं उशिरा पडला. यादी परत ठेवली आणि कपाट इतक्या जोरात लावलं की सगळी कचेरी बघायला लागली.

अक्काला सांगणं भाग होतं. तोंडात शब्द जुळवत तिच्या खोलीवर गेलो. ती डब्यांवरची धूळ पुसून पोत्यात भरत होती, खोली सोडायची म्हणून. मी म्हटलं, "अक्का, कंपनीचा वाटा मिळत नाही. त्या पिंपळनेरच्या अकरा दिवसांमुळे." ती म्हणाली, "मला ठाऊक आहे."

"तुला कसं ठाऊक?"

"नाव लिहिलं त्याच दिवशी घरी येऊन विचारलं होतं त्यांनी. म्हणाले, मी असं असं करून बसलो, कदाचित तुला भोगावं लागेल, चुकलं का?"

"मग? तू काय म्हणालीस?"

तिने डबा खाली ठेवला. "मी म्हटलं, झिपरूची आई मेली होती ना? तरी त्याचं नाव लिहिलंत. मग तुम्ही कोण मोठे लागून गेलात?"

मी कपाळावर हात मारला. एक नव्हे, दोन होते ते! जोडीने मला छळायला जन्माला आले होते. मी तिथेच भांड्यांच्या पोत्यावर बसलो आणि रडलो, आणि अक्का मला पाणी देऊन म्हणाली, "ऊठ रे, आतल्या बरण्या फुटतील."

ती आता आमच्याकडे आहे. पिंप्राळ्याचं जोतं तसंच आहे. चुलीच्या जागी तुरीचं रोप उगवलंय, कुणी शेंगा खाताना दाणे सांडले असतील.

आता शेवटचं. नाना गेल्यावरच्या पहिल्या पगारवारी खिडकीत मी बसलो. ठरवूनच बसलो होतो की आता नंबरावर काम करायचं, दुपारच्या आत उठायचं. पहिला माणूस आला. "नंबर?" म्हटलं. त्याने संपूर्ण नाव सांगितलं. दुसऱ्यानेही तेच. मी ओरडलो, "नंबर सांगा रे, नंबर!" कुणी ऐकेना. बायका तर नाव सांगून वर सासरचं गावही सांगायला लागल्या. संध्याकाळच्या भोंग्यालाच उठलो, घसा सुकलेला आणि पाठ मोडलेली.

दुसरा पगारवार गेल्या आठवड्यात झाला. फंडाचं वर्ष संपल्यामुळे पाकिटाबरोबर प्रत्येकाला फंडाची चिठ्ठी द्यायची होती. आणि कुणाचा कंपनीचा वाटा लॅप्स झाला, तर तो बाकीच्या सगळ्या सभासदांत सारखा वाटायचा असा नियम आहे. नानांचे नऊशे रुपये, जळगाव-धुळ्याचे मिळून बाराशे सभासद. माणशी बारा आणे. तो भागाकार मी केला. त्या बाराशे नोंदी मीच केल्या, आणि प्रत्येक नोंदीला दात-ओठ खाल्ले. चिठ्ठीवर एक ओळ : "लॅप्स खाते, जमा ०–१२–०."

झिपरू आला. आता केस पिकलेत त्याचे. नाव सांगितलं, पाकीट घेतलं, चिठ्ठी माझ्यापुढे धरली. "वाची दाखाडा भाऊ." मी वाचलं. व्याज वाचलं, कंपनीचा वाटा वाचला, सांगितलं की तुझी पंधरा वर्षं या आठवड्यात भरली. तो बारा आण्यांवर बोट ठेवून म्हणाला, "हाई कसाना पैसा शे?"

"लॅप्स खात्याचे."

"खातं नको, भाऊ. नाव सांगा."

रांग थांबली होती. मी म्हटलं, "तुला माहीत आहे, झिपरू."

"माले माहीत शे. तुम्ही सांगा."

मी पुढचं पाकीट उचललं. त्याने वाट पाहिली. मागचे कुणी ओरडले नाहीत, कुणी पुढे ढकललं नाही. शेवटी मी म्हटलं, "नारायण तोताराम भोळे." झिपरूने चिठ्ठी घडी करून टोपीत घातली आणि बाजूला झाला. पुढचा आला. त्यानेही चिठ्ठी पुढे धरली, त्याच ओळीवर बोट ठेवलं आणि माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला. नऊशे माणसं होती रांगेत. संध्याकाळचा भोंगा झाला तरी मी खिडकीतच होतो, आणि शेवटी माझी स्वतःची, त्याच बारा आण्यांची चिठ्ठी तेवढी टेबलावर उरली.